इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेत आवडत्या पदार्थाविषयी काय आणि किती बोलावे?

प्रश्न : परिचारिका, नाशिक

नमस्कार. मी नाशिकमधील एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि ब्रिटनमधील नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्ही भागांत किमान 7 आणि लेखनात किमान 6.5 बँड (नऊपैकी श्रेणी) लागतो. श्रवण आणि वाचन बऱ्यापैकी तयार आहे, लेखनावर मेहनत चालू आहे. खरी धास्ती आहे ती संभाषणाची. माझी शाळा दिंडोरी तालुक्यात मराठी माध्यमात झाली. नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत वाचली, परंतु रुग्णांशी, त्यांच्या नातेवाइकांशी आणि सहकाऱ्यांशी दिवसभर बोलणे मराठीतच होत असल्यामुळे इंग्रजी समजते, पण बोलताना अडखळायला होते.

माझा प्रश्न एकाच विषयापुरता आहे. संभाषणाच्या पहिल्या भागात खाण्यापिण्याचा विषय बरेचदा येतो, आणि मी ज्या क्लासला जाते तिथे या विषयाची छापील उत्तरे वाटली आहेत. त्यांत आवडता पदार्थ म्हणून पास्ता आहे. कारण असे सांगितले गेले की परीक्षक परदेशी असू शकतो, त्याला मिसळ किंवा नागलीची (नाचणीची) भाकर म्हणजे काय हे कळणार नाही आणि त्याला जे कळले नाही त्याचे गुण मिळणार नाहीत. सराव परीक्षेत पास्त्याचे उत्तर मी न अडखळता म्हटले. मात्र त्यानंतर तो घरी कोण करते, लहानपणीही आवडायचा का, पूर्वीपेक्षा आता खाण्यात काय बदल झाला, असे प्रश्न आले आणि एकही वाक्य धड सुचेना. आमच्या घरी पास्ता कधी शिजलेलाच नाही, तर सुचणार तरी काय?

म्हणून जाणकारांना विचारते. आपल्याकडचा पदार्थ सांगितला तर खरोखर नुकसान होते का? सांगायचा झाल्यास तो कधीच न खाल्लेल्या माणसाला किती समजावून सांगावा? आणि चवीबद्दल बोलताना माझ्याकडे दोन-तीनच विशेषणे आहेत, तीच फिरून फिरून येतात. त्यावर उपाय काय?

उत्तर : सिडकोकर

ताई, क्लासने सांगितलेले कारण मलाही पटत नाही, परंतु वेळेचे गणित ध्यानात ठेवा. पहिल्या भागाला सगळी मिळून चार ते पाच मिनिटे असतात आणि तेवढ्यात तुमची ओळख, काम किंवा शिक्षण आणि त्याशिवाय एखाद-दोन विषय आटोपायचे असतात. त्यात तुम्ही मिसळ हाती घेतलीत की मोड आलेली मटकी, रस्सा, वरची तर्री, फरसाण, पाव, बाजूचा पापड आणि दही, असे सगळे इंग्रजीत मांडावे लागणार, आणि मुळात बोलण्याचीच भीती असलेला माणूस त्यात निश्चित अडकणार.

मी परीक्षेत सरळ वरण-भात सांगितला होता. डाळ आणि भात जगात कोणालाही समजतात, त्यामुळे पदार्थाची ओळख करून देण्यात वेळ गेला नाही आणि तो का आवडतो, कधी खातो, आजारी असताना तोच का हवा असतो, याकडे लगेच वळता आले. आपल्याकडचा पदार्थ अवश्य सांगा, परंतु सुटसुटीत असा निवडा, एवढेच माझे म्हणणे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, पंचवटी

सिडकोकरांचे वेळेचे म्हणणे रास्त आहे. तरीही पदार्थ सोपा घ्यावा की अवघड, याच्या आधी गुण नेमके कशाला मिळतात हे पाहिले पाहिजे, कारण क्लासचा सगळा गोंधळ तिथेच आहे. मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आणि आता परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींकडून बोलण्याचा सराव करून घेतो. (या मंडळींचे बरेचसे क्लास आपल्याकडे नेमके कॅनडा कॉर्नरच्या आसपास असावेत, याची मला अजून गंमत वाटते.)

संभाषणाचे मूल्यमापन चार निकषांवर होते : बोलण्यातील ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. चौघांचे वजन समान असते आणि त्यांच्या सरासरीवरून बँड ठरतो. म्हणजे दोन निकषांत 7 आणि दोनांत 6 मिळाले तर हाती 6.5 येतात आणि तुमचे काम अडते. या चारांपैकी कोणत्याही निकषात पदार्थाला स्थान नाही. परीक्षक तुमच्या आवडीनिवडीचे परीक्षण करीत नाही, तुम्ही सांगता ते खरे की खोटे हेही तपासत नाही. तुम्हाला पास्ता मनापासून आवडत असता तर पास्ता सांगण्यालाही माझी हरकत नव्हती.

छापील उत्तराचे नुकसान दुसरीकडेच होते. पाठ केलेले बोलताना माणसाची लय बदलते, आवाज सपाट होतो, वाक्ये एकाएकी लांब आणि गुळगुळीत होतात, आणि पुढच्याच प्रश्नाला तो पुन्हा आपल्या मूळच्या इंग्रजीवर येतो. दिवसभर हेच ऐकणाऱ्या परीक्षकाला हा फरक लपत नाही. आयईएलटीएसने प्रसिद्ध केलेल्या श्रेणीवर्णनांत व्याकरणाच्या रकान्यात पाठ केल्यासारख्या वाक्यांचा उल्लेख आहे आणि तो बँड 3 समोर आहे, यावरून काय ते समजा. अर्थात एका पाठ उत्तराने कोणी 3 वर येत नाही. परंतु त्या उत्तराचा तुम्हाला काडीचा उपयोगही होत नाही, आणि खऱ्या बोलण्यासाठी असलेली तेवढी सेकंदे मात्र वाया जातात.

आता मिसळीकडे येतो. शब्दसंपत्तीच्या निकषात बँड 6 आणि 7 च्या वर्णनांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे : नेमका शब्द हाताशी नसताना तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता येणे. बँड 6 ला ते बहुतांशी जमावे लागते, बँड 7 ला परिणामकारकपणे. म्हणजे ज्याच्या नावाचा इंग्रजी शब्दच अस्तित्वात नाही असा पदार्थ समोरच्याला कळेल असा सांगणे, ही कसरत नेमकी तीच आहे जिला गुण आहेत. क्लास ज्याला अडचण म्हणतो, ती तुमच्यासाठी संधी आहे. वरण-भाताने ती संधी काही अंशी हुकते, इतकाच माझा सिडकोकरांशी मतभेद.

मात्र समजावून सांगणे म्हणजे पाककृती सांगणे नव्हे, आणि बहुतेक मुले तिथेच घसरतात. आधी मटकी भिजवतात, मग मोड आणतात, मग फोडणी, असे सुरू झाले की क्रियापदांची रांग लागते, प्रत्येक वाक्य आधीच्यासारखेच होते आणि मूळ प्रश्न आवडीचा होता हे दोघेही विसरतात. त्याऐवजी पदार्थ कोणत्या जातीचा आहे ते एका वाक्यात सांगावे, म्हणजे मिसळ ही मोड आलेल्या कडधान्याची झणझणीत पातळ भाजी असून ती पावाबरोबर आणि बहुधा सकाळी खातात. मग त्यातली एकच गोष्ट उचलून ती जवळून दाखवावी. फरसाण घ्या. वाढल्यावर लगेच खाल्ले तर कुरकुरीत, जरा बोलत बसलात तर रस्सा पिऊन लिबलिबीत, आणि काहींना तेच आवडते. एवढ्यात इंग्रजीतली पोताची दोन परस्परविरुद्ध विशेषणे, एक 'जर-तर'चे वाक्य आणि एक तुलना सहज येऊन गेली, आणि ऐकणाऱ्यालाही पदार्थ डोळ्यांपुढे दिसला. पहिल्या भागात एका प्रश्नाला दोन ते चार वाक्ये पुरतात.

विशेषणांचा तुमचा प्रश्न यातूनच सुटतो. 'डेलिशस', 'टेस्टी' आणि 'यम्मी' हे तीनही शब्द मला आवडले यापलीकडे काहीच सांगत नाहीत, म्हणून ते फिरून फिरून येतात. (आणि 'व्हेरी डेलिशस' टाळावे, त्या शब्दात 'व्हेरी' आधीच भरलेले आहे.) चांगले की वाईट हे सांगण्याऐवजी जिभेला, दातांना आणि नाकाला काय जाणवते ते सांगा. क्रिस्पी (कुरकुरीत), सॉगी (लिबलिबीत), टँगी (आंबटसर), ब्लँड (सपक), स्मोकी (धुरकट वासाचे), च्युई (चिवट), ग्रीझी (तेलकट), असे दहा-बारा शब्द प्रत्येकी एका ओळखीच्या पदार्थाला बांधून ठेवा. चुलीवरच्या भाकरीचा वास आठवला की 'स्मोकी' आपोआप ओठांवर येईल. कोऱ्या यादीतून तो ऐनवेळी येणार नाही.

मी मुद्दामच नमुना उत्तर इंग्रजीत लिहिलेले नाही, नाहीतर तेही कोणीतरी पाठ करील. तुम्ही एक करा. पदार्थ तुम्ही ठरवा, मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि जे बोललात ते जसेच्या तसे, चुका न सुधारता, येथे लिहा.

उत्तर : नाशिककर, सध्या लीड्स (ब्रिटन)

सरांनी पहिल्या भागाचे सांगितलेच आहे. मी दुसऱ्या भागाविषयी लिहिते, कारण मला खाण्याचा विषय तिथे आला होता. त्या भागात तुमच्या हाती एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट आणि टिपणासाठी कागद-पेन्सिल देतात, आणि मग एक ते दोन मिनिटे तुम्ही एकटीने बोलायचे असते. मला आवडलेल्या एखाद्या जेवणाचे वर्णन करायचे होते. निफाडकडच्या आमच्या शेतात कांदा काढणीच्या दिवसांत बांधावर होणारे जेवण मी निवडले : बाजरीची भाकर, पिठले, ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. कागदावर वाक्ये लिहू नका, तेवढा वेळ नसतो. मी ऊन, माणसे, वास, हात, आता काय, एवढेच शब्द लिहिले होते आणि त्याच क्रमाने बोलत गेले. जेवण निवडण्याचा फायदा असा की त्यात माणसे येतात, जागा येते, काय चालले होते आणि काय झाले होते हे सांगताना वेगवेगळे भूतकाळ ओघानेच येतात. नुसता पदार्थ निवडला तर एका मिनिटात विषय आटतो. दोन मिनिटे झाली की परीक्षक मध्येच थांबवतो. ते ठरलेले असते, आपले काही बिघडले असे समजून घाबरू नये.

आता काही शब्द, जे आपण इंग्रजी समजून वापरतो आणि इथे त्यांचा अर्थ वेगळाच होतो. आपण 'हॉटेलात' मिसळ खातो. इथे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, त्यामुळे कॅफे किंवा रेस्टॉरंट म्हणावे. आई चांगली 'कुकर' नसते, चांगली 'कुक' असते. आपले 'वेफर्स' इथे 'क्रिस्प्स' होतात आणि 'चिप्स' म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. दह्याला 'योगर्ट' म्हटलेले अधिक बरे. यातल्या एखाद्या शब्दाने लगेच गुण कापले जातात असे मुळीच नाही, परंतु आईला कुकर म्हटले की समोरच्याचा क्षणभर गोंधळ होतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपलाही होतो.

उच्चारांबद्दल बहुतेक जण उगाच धसका घेतात. मराठी वळणाचे इंग्रजी बोलल्याबद्दल शिक्षा नाही. ऐकणाऱ्याला विनासायास कळणे महत्त्वाचे आहे. इंग्रजी ढंग ओढूनताणून आणण्यापेक्षा या विषयात हमखास येणारे चार-पाच शब्द नीट करून घ्या. 'व्हेजिटेबल' चार तुकड्यांत म्हणू नये, ते 'व्हेज्-टबल' असे तीन तुकड्यांत होते. 'बाऊल' नव्हे, 'बोल'. 'ओव्हन' नव्हे, 'अव्हन'. 'डिझर्ट' म्हणताना जोर दुसऱ्या तुकड्यावर द्यावा, नाहीतर जेवणानंतर तुम्ही वाळवंट मागवाल.

ताई, तुम्ही परिचारिका आहात म्हणून एक आणखी सांगते. पोताचे शब्द तुम्हाला परीक्षेनंतरही रोज लागणार आहेत. ज्या रुग्णांना गिळायला त्रास होतो त्यांच्या अन्नासाठी आणि पेयांसाठी इथे 0 ते 7 अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. पातळी 4 म्हणजे वाटून एकजीव केलेले, 5 म्हणजे बारीक आणि ओलसर, 6 म्हणजे मऊ आणि लहान घासांचे. ड्युटी बदलताना एखाद्या आजोबांना काय देता येईल आणि काय नाही हे आपल्याला तोंडी सांगावे लागते. फरसाण कधी कुरकुरीत असते आणि कधी लिबलिबीत, याचा सराव म्हणजे तुमच्या कामाचाच सराव समजा.

प्रश्नकर्ती : परिचारिका, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. सर, आपण सांगितल्याप्रमाणे मी पास्ता सोडला, मिसळही सोडली आणि जे खरोखर खात मोठी झाले ते घेतले. ध्वनिमुद्रण ऐकून, जसे बोलले तसेच लिहीत आहे :

"माय फेव्हरेट फूड इज नागली भाकर. इट इज अ काइंड ऑफ फ्लॅट ब्रेड, ऑलमोस्ट चॉकलेट कलर, अँड वी ईट इट विथ ग्रीन चिली चटणी. आय ॲम ईटिंग इट सिन्स चाइल्डहुड. माय ग्रँडमदर मेड इट एव्हरी डे ऑन वुड फायर. नाऊ इन नाशिक आय मेक इट ऑन गॅस, बट दॅट टेस्ट इज नॉट कमिंग."

बोलताना पहिल्यांदाच असे वाटले की आणखी सांगता आले असते. आता एक नवी शंका आहे. तिसऱ्या भागात खाण्याच्याच विषयावर मोठे प्रश्न येतात, उदाहरणार्थ पारंपरिक पदार्थ मागे का पडत आहेत, किंवा शाळांनी स्वयंपाक शिकवावा का. तिथे मी पुन्हा आजी आणि भाकरीवरच येते आणि दोन वाक्यांत थांबते. त्यासाठी वाचन वाढवावे का, आकडेवारी पाठ करावी का?

उत्तर : गंगापूर रोड

आकडेवारीच्या मागे लागू नका. तिसरा भागही चार-पाच मिनिटांचाच असतो आणि तीही भाषेचीच परीक्षा असते. सामान्यज्ञानाला तिथे वेगळे गुण नाहीत. 'अमुक टक्के लोक' असे ठोकून देणारी मुले मी पाहिली आहेत. तो आकडा आठवण्यात त्यांचा जो वेळ जातो त्यात दोन चांगली वाक्ये झाली असती.

तुम्ही आजीवर येता यात काही गैर नाही, फक्त तिथेच थांबता कामा नये. पहिल्या भागात प्रश्न तुमच्याविषयी असतो, तिसऱ्यात तो लोकांविषयी असतो, म्हणून आजीकडून लोकांकडे जाण्याची वाट आधीच पाहून ठेवावी लागते. तुमच्याच नागलीचे उदाहरण घेऊ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ पट्ट्यात पावसाच्या पाण्यावर आणि उताराच्या हलक्या जमिनीत नागली येते, म्हणून तिथे ती रोजच्या ताटात होती. माणसे कामासाठी नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे आली, पाळ्यांमध्ये काम करू लागली, पहाटे किंवा मध्यरात्री सुटल्यावर जे तयार मिळेल ते खाऊ लागली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळत गेला. आणि नागली हे गरिबाचे धान्य ही समजूत होतीच. दुसऱ्या बाजूला भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले आणि तीच नागली आता शहरात बिस्किटे आणि डोशाचे पीठ होऊन चांगल्या दराने विकली जाते. म्हणजे पारंपरिक अन्न सरसकट मागे पडले असे म्हणता येत नाही. काही घरांतून ते गेले आणि दुसऱ्याच घरांत नव्या रूपाने आले.

या उत्तरात तुम्हाला ठाऊक नव्हते असे बहुधा 2023 या सालाखेरीज काहीच नाही. तरी त्यात कारण आहे, कारणाला धरून परिणाम आहे, उलट बाजू आहे आणि शेवटी मूळ विधानाला घातलेली मुरड आहे. परीक्षकाला तुमच्या बोलण्यातून हेच ऐकायचे असते. मत एका बाजूचेच असले पाहिजे असेही नाही. मध्येच स्वतःचे मत थोडे बदलणे चालते, किंबहुना त्या निमित्ताने 'ऑल्दो', 'अनलेस', 'इट डिपेंड्स ऑन' अशा रचना येतात.

शाळेत स्वयंपाक शिकवावा का, या प्रश्नाला बहुतेक जण 'होय, कारण ते उपयुक्त आहे' म्हणून गप्प होतात. तिथे कोण शिकवणार, कोणत्या तासाला, मुलगे शिकतील का, जिथे माध्यान्ह भोजन शाळेतच शिजते तिथे मुलांना ते जवळून का दाखवू नये, असे स्वतःलाच उपप्रश्न विचारत जावे. आणि प्रश्न समजला नाही तर या भागात निःसंकोच विचारावे. पहिल्या भागात परीक्षक ठरलेला प्रश्न फार तर पुन्हा उच्चारतो, पण तिसऱ्या भागात तो वेगळ्या शब्दांत मांडून देऊ शकतो. अर्धवट समजलेल्या प्रश्नावर अंदाजाने बोलत सुटणे हे विचारण्यापेक्षा कितीतरी वाईट.

उत्तर : निवृत्त शिक्षक, पंचवटी

ताई, तुमचे उत्तर छापील पास्त्यापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि शेवटचे वाक्य तर त्यातले सर्वांत चांगले आहे, कारण तिथे एक खरी गोष्ट सांगायची होती म्हणून तुम्ही सांगितली. आता दुरुस्त्या, आणि त्या मोजक्याच.

'आय ॲम ईटिंग इट सिन्स चाइल्डहुड' हे आपल्या 'लहानपणापासून खाते आहे' या वाक्याचे इंग्रजी कपडे घातलेले रूप आहे. इंग्रजीत भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन ईटिंग' लागते, आणि 'सिन्स चाइल्डहुड'पेक्षा 'सिन्स आय वॉज अ चाइल्ड' अधिक स्वाभाविक वाटते. खाण्याच्या विषयात हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी येते, म्हणून हे एक वाक्य इतके घोटा की विचार न करता बरोबरच निघेल.

आजीच्या वाक्यात 'मेड' चूक नाही, परंतु रोजची आणि आता थांबलेली सवय सांगायला 'यूज्ड टू मेक' अधिक नेमके आहे. परीक्षकाच्या कानाला तिथे एक वेगळी रचना ऐकू येते. 'ऑन वुड फायर'मध्ये 'अ' राहिला आहे. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती आपल्याकडून गळतातच. सगळी सांभाळत बसलात तर ओघ तुटेल, म्हणून सध्या ध्वनिमुद्रण ऐकताना फक्त खुणा करीत जा.

'टेस्ट इज नॉट कमिंग' ऐवजी 'इट डझन्ट टेस्ट क्वाइट द सेम' म्हणा, आणि लगेच कारण जोडा : गॅसवर भाकरीला धुराचा वास लागत नाही. 'स्मोकी' हा शब्द तुमच्या उत्तरात यायला हवा होता तो नेमका तिथे, आणि तुम्ही दोन पावले अलीकडे थांबलात. 'नागली' हे नाव पहिल्या वाक्यात न थांबता म्हटले हे योग्य केलेत. त्याला इंग्रजीत 'फिंगर मिलेट' म्हणतात हे सांगितले तरी चालेल, नाही सांगितले तरी तुमच्या दुसऱ्या वाक्याने काम झालेले आहे.

आता हेच उत्तर दुरुस्त करून पाठ करू नका. उद्या भाकरीऐवजी तुम्हाला मुळीच न आवडणारा एखादा पदार्थ घ्या आणि तो का आवडत नाही हे बोला. परीक्षेत तोही प्रश्न येतो, छापील कागदांवर तो सहसा नसतो, आणि नावडीबद्दल बोलताना माणसे आवडीपेक्षा पुष्कळ मोकळी होतात असा माझा अनुभव आहे. तेही ध्वनिमुद्रण जसेच्या तसे येथे लिहा.